तपासणी दोघांचीही व्हावी

आज दादा-वहिनीसोबत दारव्ह्याहून नागपूरला गेलो. मूल होत नाही म्हणून इतकी वर्षं तपासण्या, उपास, अंगारे सगळं वहिनीच्याच वाट्याला! दादाची साधी वीर्यतपासणी आत्ता झाली. शुक्राणू फारच कमी निघाले. डॉक्टरांनी स्क्रीनवर इक्सी ही शुक्राणू कमी असताना वापरायची उपचारपद्धत दाखवली. केसाहून बारीक काचेची सुई, त्यात एकच शुक्राणू, तो थेट स्त्रीबीजात. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी या पद्धतीने झालेल्या गर्भधारणा जगासमोर मांडल्या. यशाची खात्री नाही, खर्चही मोठा. आणि कमतरता दादात असूनही स्त्रीबीजं वाढवायची इंजेक्शनं वहिनीलाच घ्यावी लागणार. याचं मला फार वाईट वाटलं. बसस्टँडवर दादा तिला म्हणाला, "आईले मीच सांगतो, कमी माह्यात हाये." मला त्याचा अभिमान वाटतो. सोयाबीन निघालं की उपचार सुरू करणार आहेत.