हर्क्युलिसचं पाप हेराच्या माथी

परवा रात्री झोप येईना म्हणून 'हर्क्युलिस: द लेजंडरी जर्नीज' परत लावली, १९९५ ची सिरीयल, केव्हिन सोर्बोवाली. ग्रीस म्हणून जे दिसतं ते सगळं न्यूझीलंड, हिरवंगार, हीरोचं नाव रोमन आणि बाप म्हणजे देवांचा राजा झ्यूस आणि सावत्र आई म्हणजे देवी हेरा मात्र ग्रीक, म्हणजे नावापासूनच सगळी खिचडी. पण मजा येते, खोटं कशाला बोलू.

यावेळी खटकलं ते वेगळंच. पहिल्याच एपिसोडला हेरा आगीचा गोळा टाकते आणि हर्क्युलिसची बायको-पोरं जागच्या जागी खाक. मग हा बिचारा दुःख गिळून लोकांच्या मदतीला फिरायला मोकळा. अरे पण मूळ गोष्टीत पोरं तोच मारतो ना! हेरा त्याला फक्त वेड लावते, हात त्याचेच. प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात तर ते वाचायला धीर होत नाही, हर्क्युलिसला वाटतं ही आपल्या शत्रूची, युरिस्थियसची पोरं आहेत, एकाला खांबाभोवती पळवून पळवून बाण मारतो, दुसरा वेदीपाशी लपलेला असतो तो पुढे येऊन बापाच्या हनुवटीला हात लावून सांगतो की मी तुमचाच आहे, युरिस्थियसचा नाही, आणि याच्या डोक्यात काही शिरतच नाही. तिसऱ्याला घेऊन आई आत दार लावून बसते तर हा दारच उखडतो आणि एका बाणात दोघं. जाग येते तेव्हा खांबाला बांधलेला असतो, काय झालं तेच आठवत नाही, आणि हे सगळं त्याला म्हाताऱ्या बापाने सांगायचं (झ्यूस नव्हे, वाढवणारा बाप, अँफिट्रियॉन).

आता हे काढून टाकलं तर उरतं काय, तर दंड दाखवणारा एक भला माणूस.

सगळेच असं करतात असं नाही हां. २०१८ च्या 'ट्रॉय: फॉल ऑफ अ सिटी'मध्ये बाकी बरंच रटाळ आहे, पण वारा साथ देत नाही, जहाजं अडकलीयेत आणि ग्रीक सैन्याचा प्रमुख अ‍ॅगामेम्नॉन वाऱ्यासाठी स्वतःच्या पोरीचा, इफिजेनियाचा बळी देतो ते त्यांनी टाळलं नाही, आणि तो बाप राक्षस वाटत नाही हेच जास्त भयंकर आहे. २०२४ च्या 'केऑस'मध्ये जेफ गोल्डब्लम झालाय ट्रॅकसूटवाला झ्यूस, कपाळावर एक सुरकुती दिसली म्हणून ज्याची झोप उडते असा देव, एकदम बरोबर पकडला होता. तर नेटफ्लिक्सने एका सीझनमध्येच गुंडाळलं, सगळे धागे लटकलेले.

माझं म्हणणं एवढंच की कोणीतरी त्या खांबाला बांधलेल्या माणसाचा एक एपिसोड करा. मारामारी नको, राक्षस नकोत, त्याला जाग येते तिथून सुरू करा आणि बापाला बोलू द्या.