लिंड्सबोर्ग: ताना, खिळे आणि लाकडी घोडे

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या गवताळ सपाटीवरचं लिंड्सबोर्ग हे चार हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. स्वीडनच्या वर्मलांड भागातून आलेल्या लोकांनी पाद्री ऊलोफ ऊल्सोन यांच्याबरोबर १८६९ मध्ये ते वसवलं. निळे-पिवळे झेंडे आणि दारोदारचे रंगीत लाकडी घोडे बघून बरेच पाहुणे दोन तासांत परत फिरतात आणि गावाचा खरा ऐवज तसाच राहून जातो. इथल्या कला सामान्य माणसांनी शिकून करायच्या म्हणून रुजल्या आहेत. त्या कशा केल्या जातात हे थोडं ठाऊक असलं की गाव फार वेगळं दिसतं.

सुरुवात गाण्यापासून. कार्ल स्वेन्सन यांनी १८८१ मध्ये बेथनी कॉलेज काढलं आणि पुढच्याच वर्षी त्याच्या मदतीसाठी हेंडेल या संगीतकाराचं ‘मसायाह’ (येशू ख्रिस्तावरची मोठी वृंदगान रचना) गायचं ठरलं. गाणारे बहुतेक शेतकरी कुटुंबांतले. त्यांना शिकवलं स्वेन्सन यांच्या पत्नी आल्मा यांनी. तेव्हापासून ईस्टरच्या आठवड्यात ‘मसायाह’ गाण्याची ही परंपरा चालत आली आहे आणि आजही त्या वृंदात विद्यार्थ्यांच्या शेजारी गावकरी उभे असतात.

हौशी गळ्यांना हे काम सोपं नाही. ‘मसायाह’मधल्या ‘फॉर अंटू अस अ चाइल्ड इज बॉर्न’ या भागात ‘बॉर्न’ या एका शब्दावर लांबलचक द्रुत तान आहे आणि ती एकेका आवाजगटाकडे आळीपाळीने येते. मोठ्या वृंदात इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे लय जड होते. प्रत्येकजण शेजाऱ्याचा स्वर ऐकून मग आपला लावतो, आणि ती कणभर दिरंगाई शंभर गळ्यांत मिळून ठळक होते. दुसरी म्हणजे स्वर सुटे ऐकू यावेत म्हणून लोक प्रत्येक स्वराला ‘ह’ जोडतात. त्यात हवा गळते आणि तान अर्ध्यावरच दम संपतो. आपल्याकडेही आकाराच्या तानेत हकार आला की गुरुजी थांबवतात, त्याचं कारण हेच.

इलाज ठरलेले आहेत. तान आधी निम्म्या लयीत, ‘डू’ या अक्षरावर तोडून म्हणायची. मग चार-चार स्वरांचे गट करून प्रत्येक गटाच्या पहिल्या स्वराला हलका आघात द्यायचा. तो नीट बसला की मूळ शब्दावर यायचं आणि लय थोडी थोडी वाढवायची. लांब ओळीत श्वासही सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचा नाही. शेजाऱ्याने घेतला की आपण गात राहायचं आणि परत येताना हळू आवाजात मिसळायचं. ऐकताना निर्देशकाच्या हाताबरोबर या तानेकडे लक्ष ठेवा, वृंदाची तयारी तिथे कळते. आणि ‘मसायाह’मधला ‘हॅलेलुया’ हा भाग सुरू झाला की श्रोत्यांनी उभं राहण्याची पद्धत आहे.

चित्रकलेतलं इथलं मोठं नाव बिर्गर सांडसेन (१८७१–१९५४). स्टॉकहोममध्ये स्वीडिश चित्रकार आंडर्श सोर्न यांच्याकडे शिकलेला हा माणूस १८९४ मध्ये बेथनीत शिकवायला आला आणि इथलाच झाला. त्यांच्या नावाच्या गॅलरीत तैलचित्रांपुढे आधी दहा-बारा पावलं मागे उभं राहा. रंग इतका जाड लावलेला आहे की जवळून नुसते पट्टे दिसतात, आणि लांबून त्यांचेच खडक, झाडं, पाणी होतात.

मला मात्र त्यांचे खिळ्यांनी केलेले छाप अधिक मोलाचे वाटतात. ठोकळ्यावर खिळ्याने टोचे मारायचे, पृष्ठभागावर रोलरने शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. टोच्याच्या खड्ड्यात शाई पोचत नाही, म्हणून तिथे पांढरा ठिपका उमटतो. जिथे उजेड हवा तिथे ठिपके दाट, सावलीत विरळ. करून पाहणार असाल तर लाकडाऐवजी लिनोलियम (जमिनीवर अंथरतात तसला मऊ पत्रा) घ्या. लाकडात त्याच्या रेषांच्या दिशेने एकमेकांच्या जवळ टोचे मारले की ते चिरतं. शाई पातळ झाली किंवा जास्त झाली तर खड्डे भरतात आणि चित्र काळवंडतं, म्हणून रोलरवर पातळ थर घेऊन तो दोन-तीनदा फिरवायचा. एका ठोकळ्यातून अनेक प्रती निघतात, त्यामुळे किंमत आवाक्यात राहते. चित्र सामान्य घरांत पोचावं ही तळमळ सांडसेन यांना होती. ‘प्रेअरी प्रिंट मेकर्स’ हा छापचित्रकारांचा गट १९३० मध्ये त्यांच्याच स्टुडिओत स्थापन झाला.

दारावरचा घोडा म्हणजे डाला घोडा, मूळचा स्वीडनच्या डालार्ना भागातला. तिथल्या नूसनेस गावात तो पाइनच्या लाकडातून कोरतात. लिंड्सबोर्गने त्याची सपाट फळीची पाटी केली, त्यावर घरच्यांचं नाव येतं. त्याच्या अंगावरची कुर्बिट्स नावाची फुलापानांची नक्षी एकाच ब्रशवर दोन रंग घेऊन काढतात. ब्रशच्या एका कडेला पांढरा, दुसऱ्या कडेला निळा किंवा हिरवा, आणि हात न उचलता एक फटकारा. पाकळीची छटा आपोआप येते. रंग फार ओला असला तर दोन्ही मिसळून मळकट होतात. फटकारा दुसऱ्यांदा गिरवला तरी तेच होतं.

स्वेन्स्क हिल्निंग्सफेस्ट हा नाच-पोशाखांचा मोठा उत्सव विषम सालांच्या ऑक्टोबरमध्ये भरतो, मिडसमर हा उन्हाळी सण जूनमध्ये. एकदाच जाणं जमणार असेल तर ईस्टरचा आठवडा निवडा. १८९९ पासून ‘मसायाह’च्या जोडीने चित्रप्रदर्शनही भरत आलं आहे, त्यामुळे सकाळी गॅलरी आणि मग गाणं असा दिवस आखता येतो.