मोलोकाई: हालावा खोऱ्यात पाहुणे म्हणून जाताना

हवाईला जाऊन आलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत वायकीकी आणि मावी हमखास येतात, मोलोकाई क्वचितच. साधारण ३८ मैल लांब, १० मैल रुंद बेट. वस्ती सात-साडेसात हजारांची, त्यात मूळ हवाईयन वंशाची माणसे मोठ्या संख्येने. एकही ट्रॅफिक सिग्नल नाही. विमानतळाबाहेरची पाटीच सांगते की हे मोलोकाई आहे, जरा हळू घ्या. हवाईयन लोक आपल्या जमिनीवर आपल्या रीतीने कसे राहतात हे पाहायचे असेल, तर याच बेटावर जावे. मात्र आधी ठरवून, कुणाचे तरी पाहुणे म्हणून.

बुकिंग करताना आधी गाडी, मग राहण्याची जागा आणि शेवटी विमान असा क्रम ठेवा. भाड्याच्या गाड्या मोजक्याच आहेत, आणि गाडी नसेल तर विमानतळावरच अडकाल. मावीहून येणारी फेरीबोट २०१६ साली बंद झाली. होनोलुलू किंवा मावीवरच्या काहुलुईहून नऊ आसनी विमाने येतात. त्यांत सामानाबरोबर माणसाचेही वजन करतात. कडक सूटकेस ठेवायला अडचण होते, तेव्हा मऊ बॅगच न्या. काउनाकाकाई हे एकमेव मोठे गाव. पेट्रोल आणि किराणा तिथेच भरून घ्या. रविवारी बरीच दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी उतरलात तर त्याच दिवशी खरेदी उरका.

हालावा खोरे बेटाच्या पूर्व टोकाला, काउनाकाकाईपासून २७-२८ मैलांवर आहे. अंतर ऐकून फसू नका, दीड तास धराच. विसाव्या मैलानंतर रस्ता एका गाडीपुरता उरतो, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. मागून स्थानिक गाडी आली तर रुंद जागा पाहून बाजूला व्हा. त्यांना कामावर पोचायचे असते. अंधार पडायच्या आत परत फिरा, कारण रात्री हरणांचे कळप रस्त्यावर येतात. ही हरणे म्हणजे आपले चितळ. १८६८ च्या सुमारास राजा पाचवा कामेहामेहा याला ती भेट म्हणून आली आणि या बेटावर सोडली गेली. आज इथल्या अनेक घरांत त्यांच्याच मांसावर चूल चालते. शिकार, मासेमारी आणि वाडीतले पीक शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून खाणे ही इथली रोजची रीत आहे.

मोओउला धबधब्याकडे जाणारी खोऱ्यातली वाट खासगी जमिनीतून जाते. स्थानिक वाटाड्याशिवाय शिरणे म्हणजे दुसऱ्याच्या परसात घुसणे, आणि तिथे ते तसेच मानले जाते. खोऱ्यातल्या कुटुंबांमार्फत आधी वेळ ठरवा. जाताना होओकुपू, म्हणजे यजमानांसाठी भेट, न्यायची असते. फळे किंवा खाऊ चालतो. टी नावाच्या झुडपाच्या रुंद पानात ती बांधली तर उत्तमच. प्रवेशापाशी शंख फुंकून परवानगी मागतात. आतून शंखाचे उत्तर येईपर्यंत जागचे हलू नका, बोलू नका. मग होनी: कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवून दोघांनी एकत्र श्वास घ्यायचा. चष्मा आधी काढून ठेवा, आणि घाई करू नका.

वाटेत ओढा ओलांडावा लागतो. भिजले तरी चालतील असे, पकड असलेले बूट घाला. वर डोंगरात पाऊस असेल तर खाली ऊन असूनही पाणी अचानक चढते. अशा दिवशी वाटाड्या परत फिरवतो, तेव्हा हुज्जत घालू नका. गोड्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो, म्हणून पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका आणि ते पाणी पिऊ नका. धबधब्याखालच्या डोहात उतरण्याआधी टीचे पान सोडायची प्रथा आहे. पान तरंगले तर पोहावे. बुडाले तर डोहातली मोओ, ती पाल-नागिणीसारखी राखणदार, रागावली आहे असे समजून काठावर बसावे.

खोऱ्याचा खरा जीव म्हणजे कालो, आपले अळू. आकाशपिता वाकेआ याचे मृत जन्मलेले मूल पुरले, त्या जागी कालो उगवला, आणि धाकट्या भावापासून माणसे झाली, अशी कथा आहे. म्हणून कालो थोरला भाऊ. १९४६ च्या त्सुनामीने इथली वाफ्यांची शेती उद्ध्वस्त केली आणि बरीच कुटुंबे उठून गेली. आता वाफे पुन्हा उभे राहत आहेत. लावणीला हुली वापरतात: कंदाच्या माथ्याचा पातळ काप आणि त्यावर वीत-दीड वीत देठ, पाने छाटलेली. वाफ्यात पाणी सतत वाहते आणि थंड असावे लागते. ते साचून तापले की कंद सडतो. पीक यायला नऊ महिने ते वर्षभर, काही जातींना त्याहून जास्त लागतात. बांधावर वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवूनच चाला. कडा ढासळली की पाणी फुटते.

कंद कच्चा राहिला तर घसा खाजतो, हे आपल्याला सांगायला नको. इथे चिंच-आमसूल नसते, सगळी भिस्त तासन्‌तास उकडण्यावर. मग लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटतात. बत्ता चिकटू नये एवढाच ओला हात लावायचा. आधीच पाणी ओतले तर गुठळ्या राहतात. या घट्ट गोळ्यात नंतर पाणी मिसळले की पोई होते. ताजी गोडसर, दोन-तीन दिवसांनी आंबट. नुसती खाऊन नावे ठेवू नका, मीठ आणि कच्च्या कांद्याबरोबर खा. पोईचे भांडे उघडे असताना भांडण करायचे नाही, हा घराघरातला नियम आहे.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवावे. लुआऊ नावाची भाजी दिसायला थेट अळूच्या फतफत्यासारखी, पण त्यात बहुतेक वेळा माकूळ किंवा कोंबडी असते. लाउलाऊ या पदार्थात पानांत गुंडाळलेले डुक्कर आणि मासा असतो. निर्धास्त खावे ते कुलोलो: किसलेला कालो, नारळाचे दूध आणि साखर घालून वाफवलेली वडी.

परतताना दक्षिण किनाऱ्यावरची मत्स्यतळी रस्त्यावरूनच दिसतात. काळे दगड आणि पोवळे रचून समुद्राचा तुकडा बांधून घेतलेला असतो. दारात लाकडी पट्ट्यांची जाळी. पिल्ले फटीतून आत येतात, खाऊन मोठी झाली की बाहेर पडता येत नाही. भिंतीवर चढू नका. तिथला दगड हलला की तो पुन्हा बसवायला माणसे जमवावी लागतात.

होओलेहुआच्या टपाल कार्यालयात नारळ फुकट मिळतो. त्यावर रंगाने पत्ता लिहायचा, टपालखर्च भरायचा आणि तसाच्या तसा पाठवायचा. अमेरिकेतल्या नातेवाइकांना तो पोचतो. शनिवार-रविवारी खिडकी बंद असते.