उंचावरचा सराव आणि रक्तातले हिमोग्लोबिन : माझा अनुभव

लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी उंचावर जाऊन सराव करायचे ठरले, तेव्हा प्रशिक्षकांनी मला सर्वांत आधी रक्ततपासणीला पाठवले. तांबड्या रक्तपेशींतले ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन व्यवस्थित होते, पण लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन दर मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमच्याही खाली निघाले. उंचावर शरीर नव्या तांबड्या पेशी घडवते. त्यासाठी लोह लागते आणि तेच अपुरे असेल तर कितीही उंचावर राहून विशेष काही साधत नाही. त्यामुळे निघण्याच्या बरेच आठवडे आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. उंचावर जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक खेळाडूने ही तपासणी आधी करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

मुक्काम समुद्रसपाटीपासून साधारण २,५०० मीटरवर होता. तिथेही हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्केच असतो. मात्र हवेचा दाब खालच्या तुलनेत पाऊणपट होतो आणि त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक रक्ताला मिळणारा ऑक्सिजन घटतो. एरवी ९८ दाखवणारा बोटावरचा ऑक्सिमीटर सुरुवातीला ९२-९३ वर रेंगाळत होता आणि अगदी सावकाश धावतानाही धाप लागत होती. शरीर मात्र लगेच कामाला लागते. मूत्रपिंडातील पेशी ऑक्सिजनची कमतरता ओळखून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात. ते काही तासांतच वाढू लागते, दोन-तीन दिवसांत कमाल पातळी गाठते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी तयार करायला लावते. पेशींना ही कमतरता कशी कळते, हे उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन वाढलेले दिसले आणि मी हरखून गेलो. त्यावर डॉक्टरांनी समजावले की, उंचावर सुरुवातीला रक्तातला द्रवभाग कमी होतो. रंगाचे पाणी आटले की ते गडद दिसते, पण त्यातला रंग काही वाढलेला नसतो. तसेच हे होते. नेहमीच्या अहवालात दर डेसिलिटरमागचे, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तामागचे प्रमाण दिसते. ऑक्सिजन वाहण्याची क्षमता मात्र शरीरात एकूण किती ग्रॅम हिमोग्लोबिन आहे यावर ठरते, कारण एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेऊ शकते.

हे एकूण हिमोग्लोबिन मोजण्याची चाचणी माझी जाण्यापूर्वी झाली होती आणि परतल्यावरही झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि ऑक्सिजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडची अगदी मोजकी मात्रा मिसळून त्या बंद परिपथातून सुमारे दोन मिनिटे श्वास घ्यायचा. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसतो. आधी आणि नंतर रक्ताचे थेंब घेऊन किती टक्के हिमोग्लोबिनला तो चिकटला हे पाहतात आणि त्यावरून एकूण साठा काढतात. अर्थात ही चाचणी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायची असते.

उंचावर दर शंभर तासांमागे एकूण हिमोग्लोबिन साधारण एक टक्का वाढते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणूनच तीन-चार आठवड्यांचा मुक्काम लागतो. विरळ हवेत वेगवान धावण्याचा दर्जा मात्र घसरतो. १९९७ साली लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या संशोधकांनी २,५०० मीटरवर राहून १,२५० मीटरच्या आसपास सराव करण्याची पद्धत तपासली होती. त्याच धर्तीवर आम्ही संथ धावणे वर करत असू आणि जोरकस सरावासाठी गाडीने खाली उतरत असू. हा प्रवास कंटाळवाणा होता, पण पायांचा वेग त्यामुळेच टिकला.

परतल्यावरच्या चाचणीत माझे एकूण हिमोग्लोबिन सुमारे तीन टक्क्यांनी वाढलेले आढळले. अशा मोजणीत एक-दोन टक्क्यांची चूक संभवते, त्यामुळे या आकड्याकडे मी बेतानेच पाहतो. त्याच वेळी नेहमीच्या अहवालातले प्रमाण उंचावरच्या आकड्यापेक्षा खाली आले होते, कारण द्रवभाग पूर्ववत झाला होता. पण आता त्याची काळजी वाटली नाही. वाढलेला साठा खाली आल्यावर काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून मुख्य शर्यत आम्ही परतीनंतरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आतच ठेवली होती.