भिंत चाटणारं पोर

जुलैचा तिसरा आठवडा असेल. सकाळपासून धो धो पाऊस, करंट दोनदा जाऊन आलेला आणि घरात सात पोरं. अकराच्या सुमाराला जरा उघडलं म्हणून मी सगळ्यांना पडवीत आणलं, करवंट्या, पातेली, डाव असा पसारा मांडून दिला आणि सवयीने डोकी मोजली तर सहा. बाबुलो नाही. (खरं नाव सांगत नाही, बाबुलोच म्हणते, तसंही सगळे त्याला तेच म्हणतात.) पोटात गोळाच आला. गेट बंद होतं, बाथरूमचं दार बंद होतं, मग कुठे गेला? पडवीच्या टोकाला पाण्याचं पिंप आहे, त्याच्या मागे गेल्या पावसाळ्यात भिंतीचं प्लास्टर पडलं ते तसंच राहिलेलं, आतले जांभ्या दगडाचे लाल चिरे उघडे. तिथे तो उकिडवा बसून डोळे अर्धे मिटून भिंत चाटत होता. मग नखाने चिरा खरवडायचा, तो लाल भुगा बोटावर घ्यायचा आणि परत तोंडात. मी हाक मारली तरी मान वळवली नाही.

उचलून घेतला, तोंड उघडलं, जीभ तांबडीलाल आणि दातांत कचकच. बोट फिरवून जेवढं निघालं तेवढं काढलं, चुळा भरवल्या, मग मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले.

गोव्यात फोंड्याला माझ्या घरीच मी नऊ वर्षं मुलं सांभाळते. बोर्ड वगैरे नाही, एकीचं बघून दुसरी विचारत येते. आया कुंडईच्या फॅक्टरीत, कोणी वेर्ण्याला, कोणी पणजीला ऑफिसात. २०१७ पासून कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, त्यामुळे पहिल्यापेक्षा बरं आहे, तरी सहा-सात महिन्यांचं बाळ घेऊन आई दारात उभी राहते तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. बाबुलो पण सात महिन्यांचा असताना आला, तेव्हा एकवीस महिन्यांचा होता.

माझा दिवस म्हणजे सगळा खाण्याभोवतीच फिरतो. आठला पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न आणि पोरं साधारण एकाच वेळी येतात. साडेनऊला नाचणीची तिजान, रात्री भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, ते दूध गूळ आणि नारळाच्या रसात मंद आचेवर ढवळत राहायचं, हात थांबला की गुठळी. मग खेळ, बाराला जेवण, दुपारी झोप, चारला केळं नाहीतर उकडलेलं रताळं. जेवणाला सगळे गोल करून बसतात, प्रत्येकाची आपली ताटली, आपल्या हाताने. माझा एक नियम आहे, काय वाढायचं ते मी ठरवणार, किती खायचं ते पोराने. मागे धावून भरवायचं नाही, मोबाईल दाखवून तर अजिबात नाही. नवीन चव मुलाच्या समोर कधीकधी दहा-पंधरा वेळा यावी लागते, मग कुठे ते बोट लावतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून मी घाई करत नाही.

याच नियमाने माझा घात केला असं आज वाटतं. बाबुलो दोन-तीन महिने ताटली समोर घेऊन नुसता बसायचा. भाताची दोन शितं, बास. मी म्हणायचे असू दे, घेईल हळूहळू. आणि तो त्रास म्हणून द्यायचा नाही हो, रडणं नाही, मारामारी नाही, बाकीचे खेळणी ओढाओढी करतात तर हा कोपऱ्यात उशीला टेकून बघत बसणार. मीच सगळ्यांना सांगायचे, काय गुणी पोर आहे. ते गुणी असणं नव्हतंच, पोराच्या अंगात त्राण नव्हतं, आणि मला नऊ वर्षांच्या अनुभवात ते कळलं नाही.

त्या दिवशी मांडीवर घेतला तेव्हा पहिल्यांदा मी त्याला नीट बघितलं. खालची पापणी ओढून बघितली, आत पांढरट. खात्री करायला आमच्या साडेतीन वर्षांच्या मोठ्या बायला बोलावलं, तिची पापणी ओढली, आत छान गुलाबी. परत त्याची. नखं बघितली, तळहात बघितले, कानाची पाळी उजेडात धरून बघितली. गोरा पोरगा म्हणून सगळे कौतुक करायचे, तो गोरा नव्हता, फिका होता.

मग वही काढली. मी रोज प्रत्येकाचं लिहून ठेवते, काय खाल्लं, शी कशी झाली, किती वाजता झोपला. बाबुलोच्या पानांवर काय, तर ‘दूध १ बाटली, सकाळी’, ‘दूध १ बाटली, झोपताना’, जेवणाच्या जागी ‘थोडं’, ‘नाही’, ‘थोडं’. मधल्या पानांवर एकदा ‘माती तोंडात’, परत ‘कुंडीतली माती’. लिहिलं मीच होतं. पोरं माती खातातच म्हणून पुढे गेले होते.

त्याच्या आजीला फोन लावला. म्हटलं घरी दूध किती होतं? आजी बिचारी अभिमानाने सांगते, ‘जेवपाक नाका म्हणटा गो माई, पूण दूद बरें पिता.’ सकाळी उठल्यावर एक, संध्याकाळी घरी गेल्यावर एक, रात्री झोपताना एक, कधी रात्रीत पण. बाटली २४० मिलीची. माझ्याकडच्या दोन धरल्या तर रोज सव्वा लिटरच्या आसपास! एवढ्याशा पोटात आणखी काय मावणार?

दूध वाईट नाही, पण दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि वर जे काही बाकीच्या अन्नातून मिळेल ते अंगी लागायला दूध आडवं येतं. काही लहान मुलांना तर जास्त गाईच्या दुधाने आतड्यातून थोडं थोडं रक्त जातं, शीमध्ये डोळ्यांना दिसत पण नाही. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर पुष्कळ झालं. हे सगळं मला नंतर नीट कळलं, पण रक्त कमी असलं की माणसाला माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात हे मात्र माहीत होतं. माझी आई पोटुशी असताना चुलीची भाजलेली माती खायची असं आजी सांगायची. त्या भिंतीसमोर मला तेच आठवलं.

आता आईला सांगायचं कसं? दिवसभर डोक्यात तेच. बाराला पेज, अळसांद्याचं तोणाक म्हणजे चवळीची आमटी, तांबडी भाजी वाढली, बाकीच्यांनी खाल्लं, बाबुलो बसून. मी त्या दुपारी त्याला बाटली दिली नाही असं सांगायला आवडलं असतं, पण दिली, कारण आईला न विचारता एकदम बंद करणं मला बरं वाटलं नाही.

पावणेसहाला ती कंपनीच्या बसमधून उतरून छत्री झटकत आली. मी तिला आत किचनमध्ये नेलं, चहा ठेवला. सरळ सांगितलं, अगं तो भिंत खातो, हा बघ चिऱ्यावर नखांचा ओरखडा, ही बघ त्याची पापणी, ही बघ वही. ती ऐकत गेली आणि मग एकदम, ‘म्हणजे माई, मी माझ्या पोराला उपाशी ठेवलं असं म्हणता तुम्ही?’ आवाज चढला होता, डोळे भरलेले. म्हणाली गेल्या महिन्यात सर्दीला डॉक्टरकडे नेला होता, माती खातो ते पण विचारलं, ते म्हणाले दात येतायत. वर्षाचा असताना ताप आला, जेवण सुटलं, तेव्हा निदान दूध तरी पितोय म्हणून मी देवाचे आभार मानले, आणि आता तुम्ही सांगता दुधामुळेच?

मी काय बोलणार. एवढंच म्हटलं की बाय, त्यातल्या दोन बाटल्या रोज मी माझ्या हाताने दिल्यात, उपाशी ठेवला असेल तर दोघींनी मिळून. उद्याच्या उद्या रक्त तपासून घे. चहा तसाच टाकून ती पोराला घेऊन गेली.

रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, मेसेज नाही. मला वाटलं गेलं हे पोर आपल्या हातचं, दुसरीकडे ठेवेल आणि तिथे पण कोणीतरी त्याला गुणी म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवेल. संध्याकाळी सातला फोन. हिमोग्लोबिन ६.८. अकराच्या आसपास तरी हवं असतं. ती फोनवर रडत होती आणि मी इकडे.

यावेळी दुसऱ्या, लहान मुलांच्या डॉक्टरना दाखवलं होतं. त्यांनी लोहाचे थेंब सुरू केले, जंताचं औषध दिलं आणि ताकीद दिली की दूध दिवसाला दोन कप, ते पण पेल्यातून, बाटली आजपासून घरात नको. थेंब दुधाबरोबर द्यायचे नाहीत, जेवणाआधी लिंबाच्या किंवा पेरूच्या रसाबरोबर द्यायचे, त्याने लोह चांगलं अंगी लागतं. शी काळी होईल, घाबरायचं नाही. ती सगळं कागदावर लिहून घेऊन आली आणि तो कागद मी फ्रिजवर लावला.

पुढचे चार दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. झोपायची वेळ झाली की बाटलीसाठी रडून रडून घसा बसायचा त्याचा, बाकीची पोरं जागी व्हायची, एक रडलं की सगळी. मी त्याला खांद्यावर टाकून पडवीत फेऱ्या मारायचे, बाहेर पाऊस, आणि तो हुंदके देत बोटाने पिंपाच्या दिशेने दाखवणार. तिथली जागा मी पहिल्याच दिवशी फळी लावून झाकली होती, नंतर माझ्या नवऱ्याने रविवारी सिमेंट कालवून प्लास्टर मारलं.

पाचव्या दिवशी बारा वाजता ताटल्या मांडल्या. मासेमारी बंदीचे दिवस, ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, ताजा मासा परवडत नाही म्हणून त्या दिवशी अंडं उकडलं होतं, भात होता आणि तांबडी भाजी खोबरं घालून. बाबुलो ताटलीकडे बघत बसला. शेजारी आमची मोठी बाय, तिच्या भाजीचा लाल रंग भाताला लागलेला, ती तो भात बोटांनी कालवत होती. त्याने हात लांब केला आणि तिच्या ताटलीतला तो लाल भात मुठीत घेतला. ती ओरडणार होती, मी ओठावर बोट ठेवलं. मूठ तोंडापाशी नेली, अर्धा भात हनुवटीवर, अर्धा आत. चावला. मग आणखी एक मूठ. मग स्वतःच्या ताटलीतलं अंडं. मी डाव हातात घेऊन तशीच उभी, कोणाला काय वाढायचं तेच विसरले.

भूक लागली होती त्याला. कितीतरी महिन्यांनी!

दोनेक आठवड्यांत माती तोंडात घालणं थांबलं. नंतर तो मारामारी पण करायला लागला, करवंट्या ओढून घेतो, परवा एकाला चावला, आणि त्याची आई सॉरी सॉरी म्हणत असताना मला आतून बरं वाटत होतं.

या निमित्ताने बाकीच्या सहा जणांच्या आयांना पण बोलावून विचारलं, दूध किती, चहा देता का, जंताचं औषध कधी दिलं. दोन घरांत दीड-दोन वर्षांच्या पोराला चहात बुडवून बिस्किट चालू होतं, चहाने पण लोह अंगी लागत नाही. अ‍ॅनिमिया मुक्त भारत म्हणून २०१८ पासून सरकारची योजना आहे, त्यात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं सिरप द्यायचं असतं, आणि माझ्याकडच्या एकाही आईला ते माहीत नव्हतं, मला पण नव्हतं. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातली या वयाची ६७ टक्के मुलं रक्त कमी असलेली निघाली आणि आपल्या गोव्यातही निम्म्याच्या वर. म्हणजे माझ्या पडवीत सात पोरं बसली की त्यातली तीन-चार अशी असू शकतात. आता महिन्यातून एकदा मी सगळ्यांच्या पापण्या बघते, खेळ म्हणूनच करतो आम्ही, ती पण माझी पापणी ओढून बघतात. पापणी बघून नक्की काही कळत नाही, रक्तच तपासावं लागतं, पण मनात शंका तरी येते.

गणेश चवथीच्या सुट्टीनंतर बाबुलोचा परत रिपोर्ट झाला, १०.६. थेंब अजून काही महिने चालूच ठेवायचेत. आधी त्याची आई दारात आली की विचारायची, ‘दूध किती प्यायला?’ आता चपला काढायच्या आधी विचारते, ‘माई, आज काय जेवला?’ आणि मी वही उघडून वाचून दाखवते. काल लिहिलं होतं, ‘तिजान १ वाटी. भात, बांगड्याचं हुमण, काटे काढून, दोनदा मागितलं. तांबडी भाजी ४ घास. दूध अर्धा पेला. दुपारी दीड तास झोप. पिंपाकडे गेला, पाणी उडवून परत आला.’