शहापूरच्या माडीवर लुई आर्मस्ट्राँग

रागसंगीत ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला जॅझची गोडी लावायची असेल, तर ‘आपल्यासारखं’ वाटणारं जॅझ आधी लावू नये. मी राहतो न्यू जर्सीत, पण हे शहाणपण मिळालं ते बेळगावात, शहापुरातल्या मामांच्या माडीवरून. इथे भेटेल तो जॅझवाला सांगतो, भारतीय मंडळी ना, मग त्यांना जॉन कोल्ट्रेनचं ‘इंडिया’ ऐकव. १९६१ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात वाजवलेलं. दोन बास, म्हणजे खर्जातली मोठी तंतुवाद्यं, मिळून सूर धरून बसलेत आणि वर कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन. रविशंकरांवर त्याची भक्ती एवढी, की १९६५ साली झालेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. मामांनीही कुठेतरी हे वाचलं आणि आग्रहाने मागवून घेतलं. चौदा मिनिटं सगळी माडी मन लावून ऐकत होती. संपल्यावर पेटीवाले काका म्हणाले, “तंबोरे झकास लागल्यात की रे. आता गाणं कवा?”

या मंडळींचे कान ऐरेगैरे नाहीत. कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी गाव बेळगावच्या जवळच. काकांचा कुठलाही वाद तिथून सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी ही सगळी गाण्याची ठाणी एकाच रेल्वेमार्गावर. अशा कानांना थोडं ओळखीचं काही दिसलं की ते लगेच आपली फूटपट्टी काढतात. मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, कुठे आहे? रिषभ असा का लावला? त्या फूटपट्टीने मोजलं तर कोल्ट्रेन नापासच होणार, आणि त्यात त्याचा काय दोष? तेच परकं संगीत परकं म्हणूनच समोर ठेवलं, की हेच लोक सावरून बसतात.

आमचा रिवाज असा. इकडे शनिवारची जेवणं आटोपली की मी एक रेकॉर्डिंग पाठवतो. तिकडे रविवारची सकाळ झालेली असते, पोह्यांवर शेव पडलेली असते. मामा ते आपल्या जुन्या ॲम्प्लिफायरवर लावतात, सगळे ऐकतात, आणि मग व्हिडिओ कॉल. कॉलवरून गाणं ऐकायचं नाही, हा मामांचा दंडक. फोनमधून बास ऐकू येत नाही, आणि जॅझमधला बास गेला म्हणजे निम्मी साथच गेली. मंडळीत मामा तबल्याचे, पेटीवाले काका, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या माई आणि कॅम्पातले एक बँडमास्तर, ज्यांनी उमेदीची वर्षं लष्करी बँडात कॉर्नेट वाजवण्यात घालवली. मराठी, कन्नड, कोकणी सगळं चालतं. सीमाप्रश्न मात्र काढायचा नाही. भांडायला जॅझमधले एलिंग्टन आणि पार्कर पुरेसे आहेत.

आमची खरी सुरुवात झाली ती ‘वेस्ट एंड ब्लूज’पासून. २८ जून १९२८, शिकागो. आरंभी कुणाची साथ नाही, नुसता आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट. दहाबारा सेकंदांत तो वर चढतो, तिथून गिरक्या घेत खाली येतो, आणि तो टेकला की बाकीचे उचलतात. बँडमास्तरांनी एवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला लावला. “तीन मिनिटांच्या तबकडीत पहिल्याच दमाला एवढं खर्च करायचं म्हणजे छाती पाहिजे,” म्हणाले, आणि मग ओठ, श्वास, माउथपीस यांवर त्यांचं जे सुरू झालं ते पोहे गार होईपर्यंत.

मामा तोवर मांडीवर बोटं मोजत होते. ब्लूज, म्हणजे जॅझमधला एक ठरावीक साचा, बारा बारचा असतो हे मी आधी सांगितलेलंच नव्हतं. त्यांनीच शोधून काढलं: “अठ्ठेचाळीस मात्रा झाल्या की हे लोक घरी येताहेत. मी दोनदा मोजलो. तीन आवर्तनं तीनताल, बरोबर?” बरोबर! बारा बार, प्रत्येकी चार मात्रा. ब्लूजचा एक फेरा म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची तीन आवर्तनं. इतकी वर्षं इथे ब्लूज ऐकून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटच्या फेऱ्यात आर्मस्ट्राँग तारसप्तकात एकच सूर जवळजवळ चार बार धरून ठेवतो, म्हणजे एक अख्खं आवर्तन. ते कळल्यावर मामांनी आवर्तन हातावर धरलं आणि माडीवरच्या सगळ्यांनी श्वास रोखून ते पार पाडलं. टाळी मात्र चुकीच्या जागी पडते अजून. आपण पहिल्या मात्रेवर देतो. या संगीतात ती दुसरीवर आणि चौथीवर. मामांना ते पटलेलं नाही. “सम सोडून टाळी म्हणजे उंबरठ्यावर न थांबता मागच्या दारानं घरात शिरणं.”

बँडमास्तरांनी त्या दिवशी चिक चॉकलेटची आठवण काढली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांचं खरं नाव. मुंबईत त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्यांचा ट्रंपेट आहे. म्हणजे आपण सगळ्यांनी हा सूर लहानपणीच, रेडिओवर, नाव न कळता ऐकलेला. चोर्ला घाट उतरला की गोवा, त्यामुळे बेळगावला या गोष्टीचं अप्रूप कमी आणि हक्क जास्त.

मंडळींच्या वतीने मी आर्मस्ट्राँगच्या घरीही जाऊन आलो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली कोरोना नावाची वस्ती, सात नंबरची गाडी. १९४३ मध्ये त्याच्या बायकोने, लुसिलने, हे साधंसं घर घेतलं. जगभर नाव झालं तरी १९७१ मध्ये मरेपर्यंत माणूस तिथेच राहिला. आता तिथे संग्रहालय आहे. बाहेरून आपल्या टिळकवाडीतल्या एखाद्या निवृत्त हेडमास्तरांचं घर वाटावं. आत मात्र स्वयंपाकघर झगझगीत निळं आणि न्हाणीघराला आरसेच आरसे. त्याला घरात टेपरेकॉर्डर चालू ठेवायचा नाद होता. गप्पा, विनोद, रियाज, सगळं टेपांवर, आणि त्या टेपांच्या खोक्यांवर त्याने स्वतः कात्रणं चिकटवून चित्रं केलेली. घर बघताना खोलीखोलीत त्याचाच आवाज ऐकवतात. हे सांगितल्यावर काका म्हणाले, आमच्या बुवांच्या घरी कुणी टेप चालू ठेवला असता तर! कोणते बुवा, ते मी विचारलं नाही. उत्तर सुळेभावीपासून सुरू झालं असतं.

बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनचा न्यूपोर्ट महोत्सवातला कार्यक्रम, ७ जुलै १९५६, माडीवर सगळ्यांत जास्त गाजला. त्यात पॉल गोन्साल्विस नावाचा सॅक्सोफोनवाला ब्लूजचे सत्तावीस फेरे एका दमात घेतो. गोन्साल्विस म्हटल्यावर बँडमास्तर ताठ झाले: “म्हापशाचा?” नाही हो, त्याचं घराणं केप व्हर्डेचं, पोर्तुगीज आडनाव तिथूनही येतं. त्यांचा चेहरा पडला, पण ऐकायला लागल्यावर खुलला. मामांचा हिशेब तयारच होता: सत्तावीस त्रिक एक्याऐंशी आवर्तनं. मागे लोकांचा आरडाओरडा वाढत जातो, कारण मैदानात लोक उठून नाचायला लागले होते. जुन्या आवृत्तीत मात्र गोन्साल्विस लांबून वाजवतोय असं वाटतं. तो रेकॉर्ड कंपनीच्या मायक्रोफोनसमोर न वाजवता ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या मायक्रोफोनसमोर वाजवत होता. त्या रेडिओच्या टेपा पुढे सापडल्या आणि १९९९ च्या आवृत्तीत तो पुन्हा जागेवर आला. ऐकायचीच असेल तर ती ऐका.

सॅक्सोफोनवाल्या कोलमन हॉकिन्सचं ‘बॉडी अँड सोल’, ११ ऑक्टोबर १९३९, हे काकांचं. मूळ चाल सुरुवातीला जेमतेम दाखवतो आणि मग तिच्याकडे परत फिरकतच नाही. “चीज सांगितली, पुढं नुसती बढत,” काका खूश. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांवर वाढलेल्या माणसाला तीन मिनिटांत केवढं मावतं हे वेगळं सांगावं लागत नाही. डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचं ‘टेक फाइव्ह’ सगळ्यांनी आधीच ऐकलेलं होतं. पाच मात्रा, तीन अधिक दोन, म्हणजे दहा मात्रांच्या झपतालाचा उलटा फिरवलेला अर्धा भाग. मामांनी ठेका धरला आणि विषय संपला. मला विचाराल तर ते जरा जास्तच वाजवलं गेलंय.

माईंना आवडली ती गायिका एला फिट्झजेराल्ड. १३ फेब्रुवारी १९६०, बर्लिन. ‘मॅक द नाइफ’ गाताना मध्येच ती शब्द विसरते आणि थांबत नाही. विसरल्याचंच गाणं करते, जागच्या जागी ओळी जुळवते, आर्मस्ट्राँगची नक्कल करते, आणि समेवर बरोबर हजर. माईंनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये आयुष्यभर विसरणाऱ्या पोरांवर डोळे वटारले होते. “हिला पूर्ण मार्क,” म्हणाल्या. “ती पोरं भेटली तर त्यांनाही वाढवून द्यायला पाहिजेत.”

आता ‘काइंड ऑफ ब्लू’. ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसची ही १९५९ ची रेकॉर्ड मामांकडे फार पूर्वी मुंबईत घेतलेली होती, त्यामुळे मी काही पाठवायची गरज नव्हती. पहिलंच ‘सो व्हॉट’. काकांनी पेटी पुढे ओढली. सूर पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, आणि गंमत म्हणजे तिथून सगळ्या पांढऱ्या पट्ट्याच वाजवत गेलं की हातात येतो सरळ काफी राग. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. पण पेटी लागेना. रेकॉर्ड थोडी चढी. काकांनी भाता सोडला, पुन्हा धरला, “पेटी बिघडली की कान?” मग रेकॉर्ड उलटली. मागची बाजू तंतोतंत लागली! पुन्हा पुढची: चढी.

काका मला फोनवर हे सांगत होते तेव्हा मी हसायलाच लागलो, कारण त्यांचे कान शंभर टक्के बरोबर होते. पहिली बाजू २ मार्चला न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. त्या दिवशी टेपचं यंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे वाजवताना सूर चढा येतो. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिला काही झालं नाही. ही खोट १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. तोवर जगाने ती रेकॉर्ड तशीच डोक्यावर घेतली होती. शहापुरात एका पेटीने ती एका सकाळीत पकडली.

दुरुस्त केलेली आवृत्ती पाठवली आणि मग खरी मजा आली. चार आवर्तनं पांढरी दोनमध्ये छान काफी चालतो, आणि अचानक अख्खा काफी उचलून काळी दोनवर ठेवतात. दोन आवर्तनं तिथे, की पुन्हा दोन खाली. काकांनी भाता सोडून दिला. “सा हलीवला की रे! असं कुणी करतं काय?” इथल्या माझ्या मित्रांना ही बदली दाखवून द्यावी लागते, मामांच्या माडीवर ती सगळ्यांना एकदम टोचली, कारण आमचा जन्म अढळ षड्जाखाली गेलाय. दोन-तीनदा ऐकल्यावर तेच काका त्या जागेची वाट बघायला लागले. बदली यायच्या आधी हात वर करतात, “आता, आता,” आणि सा हलला की मांडीवर थाप. ‘इंडिया’तल्या सुराबद्दल मात्र ‘तंबोरे झकास’ यापलीकडे कुणी ब्रसुद्धा काढला नव्हता. तिथे सा हलतच नाही, मग बघायचं काय?

पियानोवाल्या बिल इव्हान्सची २५ जून १९६१ ची रेकॉर्डिंग त्याच व्हॅनगार्ड क्लबातली. १९३५ पासून तो क्लब एकाच तळघरात आहे. अरुंद जिना उतरायचा, खुर्च्या इतक्या दाटीने की शेजाऱ्याचं पेय आपल्या कोपराला लागतं. इव्हान्सच्या रेकॉर्डिंगमध्ये हेच ऐकू येतं, ग्लासांची किणकिण, कुणाचं तरी मोठ्याने हसणं. “मैफलीत कपबशा वाजवणारे तिकडेही आहेत म्हणायचे,” माई म्हणाल्या. त्यातला बासवाला स्कॉट लाफारो त्यानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला, पंचविसाव्या वर्षी. त्यामुळे त्या एका रविवारच्या बैठकीचं सगळं रेकॉर्डिंग लोक जपून ऐकतात, ग्लासांसकट.

कोल्ट्रेनला दुसरी संधी मिळाली ती ‘अ लव्ह सुप्रीम’ने. ९ डिसेंबर १९६४, एंगलवुड क्लिफ्स, माझ्या घरापासून गाडीने थोडंच अंतर. पहिल्या भागात चार स्वरांची एक आकृती तो बाराही पट्ट्यांतून फिरवतो. काका पेटीवर तिच्या मागे लागले आणि निम्म्यात सुटले. शेवटच्या भागात त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर शब्दागणिक वाजवली आहे. शब्द वेष्टनावर छापलेले आहेत. माईंनी ते वाचत वाचत ऐकलं. पुढच्या एकादशीच्या भजनात एखादा अभंग नुसत्या पेटीवर असाच म्हणून बघायचा, असं त्यांनी काकांना बजावून ठेवलं आहे. काका अजून हो म्हणालेले नाहीत.

सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर मात्र माडी चढलेला नाही. १९४५ चं ‘को-को’ ऐकून मामा म्हणाले, एवढी घाई कुठे जायची? मोजेपर्यंत फेरा संपतो. बँडमास्तर त्यावर तावातावाने बोलले, द्रुत गतीत एवढे स्पष्ट स्वर काढून दाखवा म्हणाले, आणि त्या रविवारी कॉल दोघांच्या भांडणातच संपला. आता त्याचंच १९४८ चं ‘पार्कर्स मूड’ पाठवतोय. संथ ब्लूज आहे, तीन आवर्तनांचा फेरा, मामांना निवांत मोजता येईल. बँडमास्तरांनी आधीच कळवलंय की या वेळी कुणी बोटं मोजताना दिसलं तर ते पोहे खाऊन सरळ कॅम्पात परत जातील.