फिक्स मिळेना

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात पाण्याच्या लाइनची आखणी करत होतो. रोव्हरची, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राची काठी टेकवायची, पडद्यावर 'फिक्स', म्हणजे जागा पक्की असं आलं की खुंटी ठोकायची, एवढंच काम. शेताच्या मधोमध हॉथॉर्नचं एकटं झाड. काटेरी, वाकडं आणि मे महिना म्हणून पांढऱ्या फुलांनी लदलेलं. आमची लाइन बुंध्यापासून २ मीटरवर. तिथे पोचलो आणि फिक्स गेलं. नुसतं 'फ्लोट', म्हणजे जागा अंदाजे.

शेताचे मालक, वय ऐंशीच्या घरात, कुंपणाशी आले. "देव तुझ्या कामाला बरकत देवो." काम करणाऱ्याला हे म्हणायचंच, नाहीतर दृष्ट लावली असा संशय. मग झाडाकडे बघत, "देत नाहीत वाटतं."

देत नाहीत म्हणजे 'भली माणसं', फेअरी. एकटं हॉथॉर्न त्यांचं, असं इथे मानतात. आपण रात्री सापाला लांबडं म्हणतो तसं. त्यांचं खरं नाव जुनी माणसं घेत नाहीत. फांद्यांखाली उपग्रहांचा सिग्नल अडतो, हे मी समजावलं. बोबड्या पोराचं ऐकावं तसं त्यांनी ऐकलं.

"तुम्ही मानता?"

"छे! पण मी मानत नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही."

उपग्रहांशिवाय मोजणारं टोटल स्टेशन लावून खुंटी ठोकलीच. पुढच्या आठवड्यात पोकलेनवाल्या पोराने, दोन्ही हातांवर टॅटू, इंजिन बंद केलं. "अंधश्रद्धा नाही, इन्शुरन्समध्ये बसत नाही." डब्लिनचे साहेब फोनवर हसले, शेतात बूट न घातलेल्यांना हसायला काय जातं! मग मी लाटूनच्या झाडाचं सांगितलं. याच परगण्यात १९९९ साली कथेकरी एडी लेनिहान यांनी असंच झाड वाचवा म्हणून पेपरात पत्र लिहिलं, आणि नवा रस्ता आखताना ते झाड राखलं गेलं. साहेब गप्प.

आमच्या कोकणात कुडाळला जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालून, नारळ ठेवून काम सुरू केलं असतं. इथे बोलणी करायची सोयच नाही, बाजूनेच जायचं. लाइन ४ मीटर सरकवली. डीआय, म्हणजे न वाकणारा लोखंडी पाइप, म्हणून दोन जादा बेंड, प्रत्येकामागे तो दाबाने सरकू नये म्हणून काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉक. रिपोर्टात कारण लिहिलं, 'मुळांचे संरक्षण'. खोटं नाही, पण खरंही नाही. ते अजून खुपतं.

टेस्टिंगला दाब चढेना. नव्या बेंडची रबर रिंग दुमडली होती. मी चिखलात गुडघ्यावर, आजोबा कुंपणाशी.

"हे मात्र त्यांच्यावर ढकलू नकोस हं," म्हणाले.